लेनर्डचं शुक्रवारचं सँडविच

लेनर्ड पित्लाकने बढाई मारली ती चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांच्या रांगेत. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस चालू होते. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, त्यामुळे बफलो शहराच्या पूर्वेकडची सगळी पोलिश मंडळी तिथेच जमलेली. मासा नेहमीप्रमाणे मऊ पडलेला होता. याच्यापेक्षा माझं घरचं टूना सँडविच शंभर पटीने बरं, असं लेनर्ड बोलून गेला. पुढे उभ्या असलेल्या बर्नडिन कुरासने मान वळवून शांतपणे विचारलं, मग पुढच्या शुक्रवारी दुपारी येऊ का?

झाली पंचाईत. बायको गेल्यापासून लेनर्डचं सँडविच म्हणजे डबा फोडायचा, मासा मेयोनीजमध्ये कालवायचा आणि पावात भरून टीव्हीसमोर उभ्याउभ्या संपवायचा.

त्यात बर्नडिन म्हणजे काही कुणीही पाहुणी नव्हे. लेनर्ड बस चालवायचा तेव्हा ती बारा वर्षं रोज सकाळी त्याच्याच बसने कामाला जायची आणि थेट त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसायची. वर पाटी होती, चालकाशी बोलू नये. बाकीचे लोक त्या पाटीखालीच उभे राहून आपल्या गुडघ्यांची आणि सुनांची गाऱ्हाणी सांगायचे. ही बाई अवाक्षर काढायची नाही. उतरताना फक्त मान हलवायची. लेनर्डला आरशात तिची हिरवी टोपी दिसायची आणि ज्या दिवशी दिसायची नाही त्या दिवशी त्याला रस्ता लांब वाटायचा. तो निवृत्त झाल्यावर याच माशांच्या रांगेत ती पहिल्यांदा बोलली होती. म्हणाली, आता बोललं तर चालतं ना? ते वाक्य लेनर्डने कित्येक दिवस मनात घोळवलं होतं. आता तिला घरचं जेवण आवडलं नाही तर ती पुन्हा कशाला येते, या विचाराने त्याची झोप उडाली.

आठवडाभर त्याने स्वयंपाकघरात धुमाकूळ घातला. तेलातला चांगला टूना आणला आणि घट्ट पिळून घेतला. त्यात सेलरी, कांदा, आंबवलेली काकडी बारीक चिरून घातली, लिंबू पिळलं, नाकाला झणका येईल इतपत हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ किसून घातलं. पहिल्या खेपेला पाव करपला आणि आतलं चीज थंडगार राहिलं. दुसऱ्या खेपेला सगळं सारण तव्यावर सांडलं. मग त्याला उमगलं की चीज किसून पावाच्या दोन्ही अंगांना लावायचं, म्हणजे ते वितळून सारणाला धरून ठेवतं. आच मंद हवी आणि वर झाकण हवं. बिघडलेली सगळी सँडविचं त्याने स्वतःच निमूटपणे खाल्ली.

शुक्रवारी बर्नडिन आली, बर्फात घालायचे बूट दाराशी काढून ठेवले, कोट त्याच्या हातात दिला. राय नावाच्या धान्याच्या पावाचे तुकडे सोनेरी, कुरकुरीत झाले होते. कापताना चीजची तार सुटली. तिने एक घास घेतला, मग दुसरा घेतला, आणि डोळे मिटले. लेनर्डचा जीव भांड्यात पडला.

"असं काय घातलंय तुम्ही यात?" तिने विचारलं.

त्याने हौसेने एकेक सांगायला सुरुवात केली. पावाला लावलेलं लोणी दाखवायला फ्रीज उघडला, तर लोणी जसंच्या तसं, कागदसुद्धा न फाडलेलं. शेगडीजवळ कॉफीचा जुना डबा होता, आईच्या काळापासून असायचा तसाच. रोजच्या सवयीने त्याचा हात त्यातच गेला होता.

गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण जिने पाटीसुद्धा पाळली तिला फसवायचं त्याच्या जिवावर आलं.

"त्या डब्यात बेकनची चरबी असते, डुकराची," तो म्हणाला. "पाव मी त्यातच भाजला. आणि आज शुक्रवार. चूक माझी आहे, तुम्हाला कुठे ठाऊक होतं."

बर्नडिनने हातातला तुकडा बशीत ठेवला, बोटं पुसली आणि उठली. आता ही चालली, असं समजून लेनर्डने खुंटीवरचा तिचा कोट काढला. तिने मात्र चंदेरी कागद मागितला. दोघांच्या बशांमधलं उरलेलं सगळं घट्ट गुंडाळलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं.

"आज मला लोण्यात अंडं तळून द्या," ती म्हणाली. "हे उद्या दुपारी खाऊ. शनिवारी चालतं."

"शिळं होईल," लेनर्ड वेड्यासारखा म्हणाला. "आणि तुम्हाला पुन्हा यायचा त्रास."

"लेनर्ड, तुमच्या त्या पाटीपायी मी बारा वर्षं तोंड मिटून बसले. मला एक दिवस थांबता येईल."

लेनर्डने कोट पुन्हा खुंटीला अडकवला आणि दगडासारखं झालेलं लोणी सुरीने खरवडायला घेतलं.