पुन्हा उकळलेली सुई

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटानं एक पांढरट डाग दाखवला. "ट्युबरक्युलॉसिस. म्हणजे क्षय," ते म्हणाले. "बरा होतो. पण इंजेक्शनं आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत."

मी तासगावचा सुतार, बैलगाडीची चाकं करणारा. दोन महिने खोकत होतो, ताप यायचा. लाकडाचा भुसा छातीत गेला असेल, असं समजून गप्प बसलो होतो. तुम्ही तसं करू नका.

सांगलीजवळच्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. हे औषध क्षयाचे जंतू मारतं, पण त्यानं माझे कान वाजायचे. बाकी दिवस बरे होते. खाट खिडकीशी होती, दूध-अंडी मिळायची, वजन वाढत होतं.

इंजेक्शनं देणाऱ्या नर्स सोनाबाई मेढ्याकडच्या होत्या. काचेची पिचकारी नि सुया त्या स्वतः उकळायच्या. पाणी खळखळू लागलं की भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायच्या आणि पुरी वीस मिनिटं मोजायच्या.

एकदा बायको भेटायला आली होती. तिची परतीची एस.टी. सुटायची वेळ झाली होती आणि इंजेक्शन झाल्याशिवाय मला तिला सोडायला उठता येत नव्हतं. त्यात माझी सुई सोनाबाईंच्या हातून निसटून टेबलाला लागली. त्यांनी ती परत पाण्यात टाकली.

मी म्हणालो, "आवं बाई, जरा टेकली तर काय हुतंय? कोण बघतंय हितं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, देवाफुडं मी घाईनं हात जोडत न्हाई. मग हितं का घाई करू? माजी पूजा हीच हाय."

बायको दारातूनच बघून गेली. दोन दिवस मी सोनाबाईंशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक म्हातारबुवा आले. गावात कुणीतरी टोचलेल्या इंजेक्शनानं त्यांचा दंड पिकून कलिंगडासारखा टरारला होता. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. "ॲब्सेस झालाय, म्हणजे गळू," ते म्हणाले. "सुई नीट उकळली नव्हती."

मी माझा दंड चाचपला. एवढ्या सुया टोचल्या होत्या, पण एकही जागा पिकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सोनाबाईंची माफी मागितली. त्या नुसत्या हसल्या आणि दुसरा दंड पुढं करायला सांगितला.

तीन महिन्यांनी घरी आलो. गोळ्या पुढं वर्षभर घेतल्या. डॉक्टरांनी हलक्या कामाला परवानगी दिल्यावर पडवीत राहिलेलं एक चाक हाती घेतलं. त्याच्या एका आऱ्याला चीर होती. आजाराआधी मीच ती लाख नि भुसा भरून बुजवली होती. वर रंग बसला की गाडीच्या मालकाला कळलं नसतं.

तो आरा मी ठोकून काढला. बाभळीचा नवा तासायला घेतला. मधे मधे दम लागायचा, बसावं लागायचं. एका आऱ्याला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत रोजचं देवळात जाणं झालं नाही, आणि गेलो नाही असं वाटलंही नाही.