धोंड्याच्या महिन्यात दोन कॉफीची मशीनं

आमच्या घरात कॉफी आजारी माणसाला मिळायची, नाहीतर पाहुणा फारच मोठा असला तर. दूध आटवायचं, साखर घालायची, चमचाभर कॉफी आणि वरून जायफळ किसायचं. एवढं सगळ्यांना येतं. त्यासाठी मशीन लागतं हे मला नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कळलं, आणि एक नाही, दोन मशीनं एके दिवशी माझ्या ओट्यावर शेजारी शेजारी येऊन बसली.

माझा मुलगा आणि माझा जावई बारामतीला एमआयडीसीत एकाच कंपनीत कामाला होते. मुलगा आमच्याजवळ भवानीनगरला राहायचा आणि मोटरसायकलवर जाऊन-येऊन करायचा. जावयाचं घर बारामतीतच. त्यांच्या कंपनीत यंत्रं बसवायला दोन परदेशी साहेब आले होते. वर्षभर राहिले. दोघांनीही घरी कॉफी करायची आपापली मशीनं आणलेली. जाताना एका साहेबाने आपलं मशीन माझ्या मुलाला दिलं, दुसऱ्याने जावयाला. साहेब विमानात बसले आणि इकडे ह्या दोघांचं भांडण सुरू झालं, कोणाचं मशीन चांगलं. दोघंही जन्मभर चहा पिणारे.

कंपनीच्या कँटीनमध्ये सहा महिने हेच चाललं होतं म्हणे. मुलगा घरी येऊन सांगायचा, "दाजींचं मशीन म्हंजे रोडरोलर हाय. नुस्ता आवाज." तिकडे जावई मुलीला सांगायचा, "तुझ्या भावाचं मशीन खेळण्यातलं हाय." मला दोन्हीशी काही देणंघेणं नव्हतं. पण तेवढ्यात अधिक महिना आला. त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं आणि भेट द्यायची. जावयाने फक्त बसायचं असतं.

मागच्या धोंड्याला आमचं चांगलंच फाटलं होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे मुलांच्या वडिलांनी, जावयाला मनगटी घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या एसटी स्टँडवर जावई मालकांना भेटला आणि चार माणसांत म्हणाला, "मामा, बंद घड्याळ दिलंत मला." ते चावीचं घड्याळ होतं. जावयाला सेलचं माहीत. मालकांनी गप चावी देऊन दाखवायची, की नाही? ते स्टँडवर पोट धरून हसले आणि म्हणाले, "पाव्हणं, त्याला चावी द्यावी लागती. कंपनीत कामाला हाय ना तुमी?"

झालं. जावई रुसला. तीन दिवाळ्या मुलगी माहेरी आली नाही. मी बारामतीला जाऊन तिला भेटून यायची, पण लेकीच्या सासरी लेक भेटत नाही. चहा भेटतो आणि सासू भेटते.

म्हणून ह्या वेळी मुलीने आधीच निरोप पाठवला होता. जावई धोंड्याला येणार, पण मशीन घेऊन येणार. दोन्ही मशीनं समोरासमोर लावायची आणि काय तो निकाल लावायचा. मी डोक्याला हात लावला.

ते दोघं एसटीने आले. जावयाने मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेलं. कंडक्टरने विचारलं, लेकरू किती वर्षांचं हाय? मुलगी म्हणाली मशीन आहे, तर तो म्हणे, मग लगेजचं तिकीट काढा. ह्यावरून जावई गरम होऊनच घरात आला. मी पाय धुतले, कुंकू लावलं. तो पाटावर बसला तरी त्याची नजर ओट्यावर, मुलाच्या मशीनकडे.

मुलगी माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मला आठ दिस ठिवायचं कबूल केलंय त्यांनी. पण मशीन हारलं ना, तर संध्याकाळच्या गाडीला घिऊन जातील मला. मग पुढच्या धोंड्यापत्तुर तोंड बगू नका माझं."

"मशीन हारलं तर तू का जायचं?" मी म्हटलं.

"ते मला न्हाय, त्यांना इचार."

कोणी कोणाला विचारत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आता दोन मशीनं कशी होती ते सांगते, कारण नंतर मला पुष्कळ बायकांनी विचारलं.

मुलाचं काळं, आटोपशीर, देव्हाऱ्याएवढं. वर बिया टाकायचं भांडं, खाली बारीक चक्की. बटण दाबलं की हळू घरघर व्हायची, जशी मांजर मांडीवर करते. त्याला एक बारीक नळी होती. ती दुधात सोडली की मशीन आपणच दूध ओढून घ्यायचं आणि कपात फेस सोडायचं. माणसाने काही करायचं नाही.

जावयाचं लख्ख स्टीलचं आणि अंगाने मोठं. चक्की अशी की दळण सुरू झालं की शेजारच्या घरातलं पोरगं झोपेतून उठावं. त्याला वाफेचा जाड पाइप होता. दुधाचं भांडं हातात धरून पाइप त्यात बुडवायचा, आणि हात हलला की दूध भिंतीवर.

आमचे मालक साखर कारखान्याच्या बॉयलरवर अठ्ठावीस वर्षं होते. वाफेचं काही असलं की ते आपल्याला विचारूनच झालं पाहिजे, असं त्यांना वाटायचं. ते चष्मा लावून दोन्ही मशीनांभोवती फिरले.

"पाव्हण्यांच्या मशीनला प्रेशरचा काटा हाय," ते म्हणाले. "तुझ्याला कुठाय रं?"

"माझ्याला दिवा लागतोय आबा. तयार झालं की हिरवा."

"दिवा तर देव्हाऱ्यात बी लागतो."

जावई खूश झाला. घड्याळानंतर पहिल्यांदा तो मालकांच्या बोलण्यावर हसला. मला वाटलं, चला, काट्यावर निभावलं. पण मुलाने लगेच दोन्ही मशीनांची कॉफी करून बघायचं काढलं. "आदी आमी चव बगू, मग जेवणानंतर खरी परीक्षा." बिया त्यानेच पुण्याहून आणलेल्या, एकच पुडा, दोघांना निम्मा निम्मा.

दूध आमच्या म्हशीचं. मुलाच्या मशीनने ते ओढलं आणि नळीत साय अडकली. मुलाने दूध फडक्याने गाळलं. मग मात्र असा फेस आला की त्यावर चमचा उभा राहिला. जावयाच्या मशीनने फुर्रर्र करून फेस काढला खरा, पण धुणं भिजवल्यावर येतो तसा, मोठमोठे बुडबुडे, कप उचलेपर्यंत बसला.

मी दोन्ही चाखल्या. मुलाची कॉफी चांगली होती. जावयाची करपलेल्या भाकरीसारखी लागत होती. मी मुलीकडे बघितलं. तिनेही चाखली होती. तिने पिशवीतून काढलेलं लुगडं घडी घालून परत पिशवीत ठेवलं.

खरी परीक्षा जेवणानंतर, आणि पंच म्हणून शेजारचे तात्या. तात्या मालकांबरोबरच कारखान्यातून रिटायर झालेले. ना इकडचे ना तिकडचे, आणि तोंडाने फाटके. त्यांच्यापुढे जावयाची वाट लागणार हे मला दिसत होतं. पण मी काही कट केला नाही. तेवढी अक्कल मला त्या घाईत सुचली नसती. पुरण वाटायचं होतं, धोंडे उकडायचे होते, आमटी राहिली होती.

पुरणासाठी जायफळ काढलं आणि माझ्या लक्षात आलं, ह्या दोन्ही कॉफ्या मुळातच चुकीच्या आहेत. जायफळच नाही! जायफळाशिवाय कॉफी पाहुण्यापुढे कोण ठेवतं? किसत बसायला वेळ नव्हता. म्हटलं, चक्की आयती आहे, तीच दळेल. एक जायफळ बत्त्याने फोडलं. बरोबर दोन तुकडे झाले. एक मुलाच्या मशीनच्या भांड्यात टाकला, एक जावयाच्या. कोणावर अन्याय नको. वर बिया हलवून सारख्या केल्या आणि धोंडे उकडायला गेले.

जेवणं झाली. तात्या आले, भिंतीला टेकून बसले. "दवाखान्यात प्यायलो हुतो कॉफी," ते म्हणाले. "पोटाचं आपरेशन झालं तवा."

पाहुण्याचा मान म्हणून जावयाचं मशीन आधी. त्याने बटण दाबलं. चक्कीने पहिल्यांदा एक आवाज केला, कडाड् असा, दगडावर कुदळ बसल्यासारखा. मग खर्र खर्र करत सगळं खाऊन टाकलं. मी पदराला हात पुसत दारात उभी होते. घरभर वास सुटला.

तात्यांनी कॉफी बशीत ओतली, फेस फुंकून बाजूला केला आणि ओढली. डोळे मिटले.

"काय तात्या?" जावई म्हणाला.

"आयला. जायफळ टाकल्यागत लागतीय."

"फॉरेनचं मशीन हाय, तात्या. वास खुलतो."

"दाजी, बिया दोगांच्या एकाच पुड्यातल्या हायत," मुलगा म्हणाला.

"बिया एक असल्या म्हून काय झालं? दळणारा कोण हाय ते बगा."

मुलगा हसला. त्याला आपल्या मशीनची खात्री होती. त्याने दूध गाळून ठेवलं, कप गरम केला, हिरवा दिवा लागू दिला आणि बटण दाबलं. मांजरीची घरघर सुरू झाली. मग टक् झालं. मग टक् टक्. मग नुसतं गुणगुणायला लागलं, जसं तात्यांच्या आपरेशनआधीचं पोट. त्याने बंद केलं, चालू केलं. गुणगुण. मग जळका वास आला आणि मालक ओरडले, "बंद कर! बंद कर! मोटर जाईल!"

"दम भरला वाटतं खेळण्याला," जावई म्हणाला. अगदी गोड आवाजात.

मुलाचं तोंड काळं पडलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "आई, ह्यात काय पडलं का गं?"

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहिते, लपवत नाही. मला सगळं कळलं होतं. मी खरं सांगितलं असतं, तर तुकडा काढून मशीन परत लागलं असतं, तात्यांनी दुसरी कॉफी चाखली असती, आणि संध्याकाळच्या एसटीत माझी लेक असती. मुलगा माझ्याच घरात राहणार होता. रुसला तरी उद्या सकाळी भाकरी माझ्याच हातची खाणार होता.

"मशीन तुझं," मी म्हटलं. "मला काय इचारतोस?"

तात्यांनी निकाल दिला. "एकानं पाजली, दुसऱ्यानं न्हाय पाजली. ह्यात इचार कसला करायचा?" आणि बशी पुढे केली. "पाव्हणं, अजून एक होऊ द्या."

जावयाने तात्यांना आणखी तीन पाजल्या. नंतर तीन दिवस तात्यांना झोप नव्हती, असं त्यांची बायको मला सांगून गेली. जावई इतका खुलला की आपल्या तोंडाने म्हणाला, "मामी, आठ दिस कशाला? राहू द्या हिला पंधरा दिस. मी येतो न्यायला." मुलीने पिशवी उघडली आणि लुगडं खुंटीवर टाकलं. मालकांनी ह्या वेळी भेट म्हणून धोतरजोडी दिली. तिला चावी लागत नाही.

पाचच्या गाडीने जावई मशीन गोधडीत गुंडाळून परत गेला. ह्या खेपेला त्याने लगेजचं तिकीट आपणहून काढलं म्हणे, आणि कंडक्टरला सगळी हकीकत सांगितली.

तो गेल्यावर मुलगा पेचकस घेऊन बसला. मालक शेजारी. मी भांडी घासत होते, पण पाठ वळवून नाही. मुलाने बिया काढल्या, चक्की सोडवली, आणि मालकांनी आत दोन बोटं घालून काहीतरी ओढून काढलं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तवा घासत राहिले.

"काय हाय आबा?"

स्टँडवर चार माणसांत हसणारा हा माणूस. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतो. त्यांनी मूठ मिटली आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"खडा हाय. बियांतला."

"तरी म्हटलं! त्या दुकानदाराला बगतोच मी." मुलाने त्या पुण्याच्या दुकानदाराला ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. मशीन परत जोडलं, ते सुरळीत चाललं, चमचा उभा राहील असा फेस आला. मुलगा म्हणाला, दाजींना परत बोलवू. मी म्हटलं, "तीन वर्सांनी." तोपर्यंत दोन्ही मशीनं मोडली, आणि कोणाच्याही आठवणीत राहिली नाहीत.

मुलगी पंधरा दिवस राहिली. धोंड्याच्या दिवशी वाढण्यात तिने स्वतः काही खाल्लंच नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत पुरण घातलं. मालक स्वयंपाकघरात आले, खिशातून तो तुकडा काढला आणि मुलीच्या देखतच पाट्याशेजारी ठेवला.

"धुऊन घे," म्हणाले. "अर्दं जायफळ वाया कशाला घालवायचं?"

मी धुतलं आणि पुरणात किसलं. त्याला कॉफीचा जरा वास होता. मुलाने सहा धोंडे खाल्ले आणि विचारलं, "आई, आज पुरण येगळंच झालंय. काय टाकलंस?"

मुलगी पाणी प्यायला उठली. मालक खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"गूळ नवा हाय," मी म्हटलं.