पायाखालची प्लेट

बंधूंनो आणि भगिनींनो, एक अत्यंत गंभीर घोषणा करतो: उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझ्या बुद्धीची चोरी होत आहे!

संशयित लेझरवर पत्रा कापतो. गाव शिरगाव, पण सिंधी कॅम्पात मुरल्यामुळे सगळ्यांना सिंध्यांसारखं 'साईं' म्हणतो. कापलेल्या पत्र्याची कड अंगठ्याने चाचपायची आणि स्वतःशीच हसायचं, ही त्याची खोड. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

बायकोचा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून स्कूटरच्या मागच्या सीटखाली पाय ठेवायला मी एक रुंद प्लेट स्वतः कागदावर आखली आणि त्याच्याकडे कापायला नेली. त्याने कागद निरखला. "साईं, बसणार कोण? पाय कुठला दुखतो?"

पत्रा कापणाऱ्याला कशाला हव्यात या चौकशा? त्यात मशीनमधून प्लेटा निघाल्या दोन! एक मला दिली, दुसरी टेबलाखाली सरकवली.

"ती कोणाची?"

"राहू द्या ना, साईं."

हा माझी प्लेट बाजारात विकणार, याची खात्रीच पटली. महिनाभर मी कॅम्पातल्या प्रत्येक स्कूटरखाली वाकून पाहत होतो.

काल बायकोला घेऊन जाब विचारायला गेलो. दारात त्याच्या स्कूटरवरून त्याची म्हातारी आई उतरत होती आणि तिच्या पायाखाली माझीच प्लेट! फक्त कोपरे गोल केलेले, टाच घसरू नये म्हणून मागची कड वर वळवलेली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने तिथे आपला पाय ठेवून पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, चोरीच करायची होती, तर तुम्ही यांची करायची होतीत!"