सात जणांचे सात रिपोर्ट

एकच गोष्ट सात जणांना सात तऱ्हांनी सांगून एकदाही खोटं न बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मुलुंडच्या ज्या पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी मला चिकटवलं, तिथे ते हेडक्लार्क होते. मागच्या आठवड्याच्या कामाचा रिपोर्ट ते दर सोमवारी सात जणांसाठी सात वेळा हाताने लिहीत. मोठ्या साहेबांना चष्मा लावायची लाज वाटे, म्हणून त्यांचा कागद टपोऱ्या अक्षरात. विक्रीवाले साहेब तीन ओळींपलीकडे वाचत नसत, म्हणून त्यांना तीनच ओळी. फोरमन कुडाळचे, तर त्यांचा रिपोर्ट चक्क मालवणीत. "दोन नंबरच्या लेथान आठवडोभर रडयल्यान" हे वाक्य मी स्वतः ऑफिसच्या फाइलमध्ये वाचलंय.

मी तेव्हा घाटकोपरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेलो. कॉम्प्युटर समोरासमोर दोनदाच भेटला होता, पण बोलायचो त्याच्या सख्ख्या भावासारखा. मी सगळ्यांसाठी एकच छापील फॉर्म काढला. अकरा रकाने, बारीक टाइप, फक्त आकडे. मोठ्या साहेबांनी मान डोलावून पसंती दिली. त्यांना त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

मामा रागावले नाहीत. पहिल्याच सोमवारी फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. "जावईबापू, पत्रा कापायच्या तीन नंबरच्या प्रेसचा ब्रेक घसरतोय. पेडलवरून पाय काढला तरी एक ठोका जास्त पडतो, असं ऑपरेटर म्हणतो. हे कुठे लिहू?"

"त्याला रकाना नाही, मामा. आणि त्या प्रेसचा आकडा तर वाढलाय."

"वाढलाय खरा," म्हणत त्यांनी फॉर्म भरला, सही केली आणि जिना उतरून थेट फोरमनकडे गेले. प्रेस बंद झाला. दुपारी फिटरने ब्रेक उघडला, तर आतला पट्टा पार झिजलेला. ऑपरेटर बाकावर बसून चहा पीत होता. मी लांब उभा राहून त्याची दहा बोटं मोजली. आयुष्यातला माझा सगळ्यात अचूक आकडा तोच.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्मला बारावा रकाना जोडला, 'शेरा'. मामांनी त्याची रुंदी बोटाने मापली. "एवढ्यात काय मावणार?" पुढच्या छपाईत तो अर्ध्या पानाचा झाला. मोठ्या साहेबांची प्रत मामा परत हाताने लिहू लागले, आणि मी ते न पाहायला शिकलो.

पुढे मामा रिटायर होऊन बोरिवलीला राहायला गेले. एका रविवारी भेटायला गेलो, तर त्यांनी आधी कारखान्याचंच विचारलं. मी महिन्याचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पॅकिंगला नवीन बाई लागलीय म्हणे. नाव काय तिचं?"

मला ठाऊक नव्हतं. मामांनी माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

सोमवारी मी आधी पॅकिंगमध्ये गेलो. सुमन नाव होतं, मानखुर्दहून यायची. पेंढ्याच्या धुळीनं डोळे चुरचुरतात म्हणाली. मामा तिथे तासभर रमले असते. मी पाच मिनिटं अवघडून उभा राहिलो, पण राहिलो.