हलकं स्टेअरिंग

वेल्डिंगचा जळका वास आला की माझे तळहात अजून ओले होतात. आमच्या आखूड पिकअपवर वडिलांनी भंगारातल्या मोठ्या टेम्पोचा हौदा बसवून घेतला होता, सगळी मेंढरं एकाच खेपेत जावीत म्हणून. पौडचा वेल्डर म्हणाला, “मागं तीन फूट लोंबतुया. वजन मागं सरकलं तर गाडी नाक उचलंल.” वडील म्हणाले, “एडक्याला पुढं बांधतो की. त्यो जितं, मेंढरं तितं.” मी चालवत होतो, वडील मागे कळपात उभे होते. घाटाच्या चढावर समोरच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला, तसा एडका दावं तोडून मागे पळाला आणि त्याच्यामागे सगळा कळप. काचेतून रस्ता नाहीसा झाला, नुसतं आभाळ उरलं. स्टेअरिंग हातात इतकं हलकं झालं की फिरवलं तरी गाडी वळेना, आणि डावीकडे दरी. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली, पण पुढची चाकं अधांतरी डुलत होती. “बिरेक सोडू नगंस!” वडील ओरडले. मग एडक्याचं घुंगरू वाजलं. त्याला शिंगांना धरून ते पुढे ओढत होते, “चल लेकरा, चल” म्हणत, आणि त्यांचा आवाज कापत होता. तो तसा मी कधीच ऐकला नव्हता. एकेक मेंढी पुढे येत गेली, चाकं टेकली, रस्ता परत दिसला. वडिलांनी एडक्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि त्याच्याच गळ्यात पडले. आता माझ्या गाडीचं स्टेअरिंग एका बोटाने फिरतं. लोक कौतुक करतात. मी ते दोन्ही हातांनी गच्च धरतो.