साडूंची घोंगडी

गुलबर्ग्यापासून भालकीपर्यंतच्या माणसांना आतून आमच्या साडूंइतकं कुणी ओळखत नसेल, आणि बाहेरून त्यांच्याइतकं कमी ओळखणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. साडू गुलबर्ग्यात स्कॅन आणि एक्स-रे वाचणारे डॉक्टर आहेत. तालुक्याच्या गावांत यंत्रं आली, पण फोटो वाचणारे डॉक्टर काही आले नाहीत. त्यामुळे कुणाचं डोकं, कुणाची छाती, कुणाची कंबर, सगळं साडूंच्या मोबाइलवर येऊन पडतं आणि ते असतील तिथून वाचून सांगतात. एकदा भालकीच्या स्टँडवर माझ्या बियाण्यांच्या दुकानाचं एक म्हातारं गिऱ्हाईक भेटलं. त्याच्या गुडघ्याचा फोटो साडूंनीच वाचला होता, म्हणून मी ओळख करून दिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी साडू कोरेच. शेवटी म्हाताऱ्यानं धोतर वर करून गुडघा दाखवला. "डावा न्हवं?" म्हणत साडूंचा चेहरा असा उजळला, की जणू शाळेतला सोबतीच भेटला. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी पाच-दहा मिनिटं ख्यालीखुशाली विचारली. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी त्यानंतरही पाहिलं नाही.

आता उन्हात मोबाइलवर असला काळापांढरा फोटो नीट दिसत नाही. त्यावर साडूंनी शोधलेला इलाज म्हणजे त्यांच्या वडिलांची काळी घोंगडी. वडील मेंढरं राखायचे. ती घोंगडी त्यांच्या खांद्यावरून उतरली ती थेट डॉक्टरांच्या खांद्यावर चढली. फोन वाजला, की साडू असतील तिथं बसकण मारतात, घोंगडी डोक्यावरून ओढून घेतात आणि आतल्या अंधारात दिसेनासे होतात. उदगीरच्या बसमध्ये ते असे गडप झाले, तेव्हा शेजारच्या बाईनं घोंगडीखाली हात घालून लिंबू दिलं. "वास घ्या अण्णा, मळमळ थांबतीय." साडूंनी ते घेतलं आणि कुणाचीशी फुप्फुसं वाचून होईपर्यंत इमानदारीनं हुंगत बसले. बाईला वाईट वाटायला नको, एवढंच.

घोंगडीत शिरल्यावर त्यांचा एक नियम असतो. फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं, त्यावर ते अंगठा ठेवतात. वय बघतील, तक्रार बघतील, नाव मात्र सगळं वाचून झाल्यावर, पुन्हा ताडून बघण्यापुरतं. कामून असं, म्हणून मी एकदा विचारलं. "दुकानदार," ते म्हणाले, "हितं दोनातला एक माणूस आपला पाव्हणा निघतोय. नाव आधी वाचलं, की डोळे भितेत. भ्यालेल्या डोळ्याला एक तर दिसत न्हाई, न्हाई तर नसलेलं दिसतंय."

घोंगडीला एकच शत्रू होता, आमच्या सासूबाई. त्यांच्या माहेरी-सासरी दोन्हीकडं मेंढरं होती. मोठ्या कष्टानं शेती झाली, माडी झाली, आणि थोरला जावई डॉक्टर मिळाला. तो जावई चारचौघांत घोंगडी पांघरून बसायला लागला, तेव्हा बाईंचं पित्त खवळलं. "अंगावरची घोंगडी सुटावी म्हणून डागदर केला, आन् ह्येनी तीच घिऊन आले. वासबी तसाच यायलाय," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. साडू समोर असले, की आवाज जरा वाढवत. साडू हसत आणि म्हणत, "मामी, बोला. तुमचं बोलणं ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतंय." त्यांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या लग्नसराईत मंठाळला लग्न होतं. घोंगडी येणार असेल तर मी येणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि माझ्या बायकोला सोबत ठेवून भालकीतच राहिल्या. इकडं मांडवात वाजंत्री तापली होती. साडूंचा फोन वाजला. ते मांडवामागं कडब्याच्या गंजीला टेकून घोंगडीत शिरले, आणि मी नेहमीप्रमाणे बाहेर पहाऱ्याला उभा राहिलो. तेवढ्यात माझाही फोन वाजला. बायको होती. "आई भावजींच्या घोंगडीवर तोंडसुख घ्यायली होती. बोलता बोलता जीभच वळंना झाली. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलंना. लगोलग दवाखान्यात आणलं. डोक्याचा फोटो काढलाय. डॉक्टर म्हणायलेत, गुलबर्ग्याचे डॉक्टर बघून सांगतील, आत रक्त असलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत न्हाई."

गुलबर्ग्याचे डॉक्टर माझ्या पायाशी घोंगडीत बसले होते. हाक मारावी असं फार वाटलं. पण भ्यालेल्या डोळ्यांचं ते बोलणं आठवलं आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. एक पाव्हणे "आजारी हायेत व्हय?" म्हणत घोंगडी उचलायला वाकले, त्यांना मी असं ढकललं, की ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आतून साडूंचा शांत आवाज आला. ते भालकीच्या डॉक्टरांशी बोलत होते. "रक्त कुठंच न्हाई. दोनदा बघितलंय. गुठळीच हाय, इंजेक्शन सुरू करा, वेळ दवडू नका. नाव सांगा, ताडून बघतो."

पलीकडून सासूबाईंचं नाव आलं असावं. घोंगडी नुसती हलत होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. मलाही रडू आवरत नव्हतं.

सासूबाई वाचल्या. महिनाभरात काठी घेऊन चालायला लागल्या. जीभ मात्र अजून जड आहे, आणि उजव्या हाताला पूर्वीचा जोर नाही. बोलणं कमीच झालं. साडूंची त्यामुळे फार पंचाईत झाली. ते भालकीला आले, की मुद्दाम घोंगडी त्यांच्या डोळ्यांसमोर खुंटीला अडकवत आणि वाट बघत बसत. सासूबाई तिच्याकडं बघत आणि काही म्हणत नसत. साडू जेवत नसत धड. मला हळूच विचारत, "रागावल्यात व्हय माझ्यावर?"

परवा दुपारी ओसरीवर बसलो असताना साडूंचा फोन वाजला. त्यांनी सासूबाईंकडं चोरट्या नजरेनं पाहिलं, खुंटीवरून घोंगडी काढली आणि आत शिरले. सासूबाई काठी टेकत उठल्या. त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. घोंगडी एका बाजूनं उघडी पडली होती. सासूबाईंच्या उजव्या हाताची बोटं तिच्या काठावरून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा त्यांनी काठ धरून खाली ओढला.

"हि...हिकडनं उजेड यायलाय," त्या म्हणाल्या, आणि साडूंचं बघून होईपर्यंत त्यांनी तो काठ सोडला नाही.