परत आलेली नोटीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याला वाटतं, मी सगळं नियमाने केलं. नियमानेच केलं म्हणा. तेच तर सांगायचंय.

ठाण्यात वर्तकनगरला एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दोन घरं. एकात आम्ही, दुसऱ्यात भाडेकरू — सुलभा, तिचा नवरा आणि बारावीतली मुलगी. मला ही बाई आवडायची नाही. का? भाडं वेळेवर द्यायची, घर लख्ख ठेवायची. पण तीस वर्षं या बिल्डिंगमध्ये मी राहते, आणि बायका हळदीकुंकवाचं विचारायला आधी तिच्याकडे जायच्या! माझ्याच मालकीच्या घराच्या दारात उभ्या राहून खिदळायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे.

करारात होतं — घर रिकामं करायला सांगायचं तर एक महिना आधी लेखी नोटीस, रजिस्टर पोस्टाने. वकील बोलता बोलता म्हणाले, पाकीट परत आलं तरी नोटीस दिल्यासारखीच धरतात. तेवढं मी बरोबर उचललं. गणपतीला ती मंडळी पंधरा दिवस मालवणला निघाली, त्याच दुपारी वकिलांना फोन केला — आजच पाठवा. निघताना सुलभा घराची चावी माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "टपाल आलं तर घेऊन ठेवा हं, काकू."

टपाल आलं. पोस्टमनने समोरची बेल दोनदा वाजवली, मग माझी. पाकिटावर आमच्या वकिलांचं नाव. मी म्हणाले, "ते घर सोडून गेले." त्याने तसं लिहून घेतलं आणि पाकीट परत गेलं.

ते गावाहून आले. माझ्यासाठी खाज्याचा पुडा आणला. मी घेतला — खाल्लाही. रोज जिन्यात भेटायचे, मी अवाक्षर काढलं नाही. महिना भरायला सहा दिवस उरले, तेव्हा ते परत आलेलं पाकीट तिच्यासमोर धरलं. सहा दिवसांत घर कुठे मिळतं? मिळालं ते पार कल्याणच्या पलीकडे. मुलीचं कॉलेज ठाण्यात, वर्ष बारावीचं.

पण एवढंच असतं तर मी कदाचित बोललेही नसते.

घर सोडण्याआधी सुलभाने त्या पोस्टमनला गाठून वर आणलं. त्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "या मॅडमनीच सांगितलं, सोडून गेले म्हणून." ती कुणावर भडकली असेल? त्याच्यावर. "काय पण बोलताय! आमची चावी असते काकूंकडे. त्या असं कशाला सांगतील?" मग माझ्याकडे वळली. "काकू, सांगा ना यांना."

तेव्हा खरं बोलले असते, तर ती नोटीस टिकली नसती, तिला तिचा महिना मिळाला असता. मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हा खोटं बोलतोय."

सुलभाने माझी माफी मागितली — तुम्हाला उगाच त्रास, म्हणाली. मला तेव्हाही तिचा रागच आला.